बारा रियाल, सहाशे बैसा

खलफान अल-मकबाली चष्मा कपाळावर सरकवतो
आणि एकच विचारतो:
सभासद बारा रियाल देतो. त्याला काय मिळतं?

मिळत असेल काही, तर ती फी. पाच टक्के कर.
काहीच मिळत नसेल, तर देणगी. कर नाही.
इतकं सोपं, म्हणतो, आणि कहवा ओततो.

मी मंडळाचा खजिनदार.
दिवसा सोहारच्या स्मेल्टरमध्ये बोल्ट मोजतो, रात्री ही वही.
यंदा मोठ्या क्लबाची शाखा झालो, म्हणून हा तपास.
पावत्या विचारेल, बँकेचं विचारेल, तयारीत होतो.
हा भलतंच विचारतोय.

सांगू लागलो.
फलज अल-कबाइलच्या मागचं भाड्याचं मैदान मिळतं,
शुक्रवारी रात्री नऊ ते अकरा.
दोन दिवे. त्यातला एक उजळायला दहा मिनिटं घेतो.
व्हॉलीबॉलचं जाळं, मधोमध मासेमारीच्या दोऱ्याने शिवलेलं.
पाण्याचा खोका.
ऑगस्टात हवा इतकी ओली
की चेंडू बांगड्यासारखा हातातून निसटतो.
तेही मिळतं.
त्याने सगळं लिहिलं. खाली रेघ ओढली. फी.

तुमच्या भाषेत काय म्हणता, पैशाच्या बदल्यात मिळतं त्याला?
मोबदला, म्हटलं.
मुबादला! खुर्ची करकरली.
मग रांगच लागली: हिशेब, रक्कम, वसूल, जमा, नफा.
कधीकाळी गलबतातून आलेले त्याचे शब्द
मी त्यालाच परत करत होतो
थोडे झिजलेले,
जकातीविना.

आणि कर?
कर आमचाच. ही यादी बघा:
तोडणकर, पावसकर, गुहागरकर, हर्णेकर.
निम्म्या मंडळाला तो जन्मतःच लागलाय.
हे समजावण्यात माझा कहवा निवला.
हसला मात्र तो उशिरा, पण पोटभर.

कॅम्पातली पोरं खेळतात, फी देत नाहीत.
त्यांना सगळं मिळतं.
शून्यावर पाच टक्के शून्य, तो म्हणाला, पुढे चला.

पुढे याकूब हर्णेकर.
सात वर्षं झाली जाऊन. पाठ गेली होती.
आता हर्णैच्या बंदरावर लिलावात काटा धरतो.
दर जानेवारीत कुणाच्या तरी हाती पाकीट येतं,
सुक्या सोड्यांचा वास लागलेले बारा रियाल,
आणि चिठ्ठी: नाव काढू नका.

त्याला काय मिळतं?
काही नाही.
देणगी! खलफान खूश. तुमचे सहाशे बैसा वाचले.
मग पेन थांबलं. नाव कुठे असतं पण?
पंपाच्या खोलीच्या भिंतीवर. पांढऱ्या रंगात. अकरावं.
कोण वाचतं?
कोणी नाही. त्याखाली खिळा आहे,
त्याला पंचाची शिट्टी टांगतो.
शिट्टी कोणाची?
त्याचीच.

खलफानने चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला.
हा रकाना तुम्ही भरा, म्हणाला,
मला नमाजाची वेळ झाली.

घरी आलो. वही उघडली.
देणगी लिहावं तर मंडळाचा फायदा.
पण देणगीदार बाहेरचा असतो.
देणगीदाराला कोणी ओरडत नाही,
अरे हर्णेकर, जाळ्याला हात लागला तुझा!

फी, असं लिहिलं.
सहाशे बैसा माझ्या खिशातून, चिल्लर मोजून.
पावतीवर जागा होती: सेवेचं वर्णन.
बराच वेळ बसलो.
मग लिहिलं:
शुक्रवार, नऊ ते अकरा.